गुरुवारच्या सभेतला माझा विषय

९ जानेवारी, गुरुवार. दारव्हा.

रजेचे तीन महिने उडाले. उरले सात आठवडे. आफ्रिकेतल्या मलावीत राहण्याचा माझा परवाना २८ फेब्रुवारीपर्यंत. त्याआधी तिथं हजर होऊन नवा करायचा, आणि त्यासाठी यवतमाळच्या मिशन समितीचं पुनर्नियुक्तीचं पत्र लागतं. पत्राची काळजी नाही, दरवेळी मिळतं. तेरा वर्षांत परत जाण्याची ही चौथी वेळ.

सकाळी राळेगावच्या मंडळीत बोलायला गेले होते. रजेवर आलेल्या मिशनरीचं हेच काम, गावोगाव जाऊन फोटो दाखवा, तिकडचं गाणं म्हणा. मुलांचा तोच प्रश्न, सिंह पाहिला का. एक आजोबा म्हणाले, "आमच्या वक्ती गोरे लोक येत होते इकडे. आता आपली पोट्टी जाते तिकडे. भल्ली गंमत हाय." मलाही गंमत वाटते कधी कधी. मी दारव्ह्याची, साधं नर्सिंग शिकलेली, आणि तिकडं चौदा मुली मला 'अमाई' म्हणतात, म्हणजे आई. मार्चमध्ये त्यांची सुईणीची परीक्षा आहे. प्रात्यक्षिक मीच घेते. ग्रेस आहे तिथं माझ्या बरोबरीची, पण तिच्या एकटीच्यानं दोन वॉर्ड आणि चौदा मुली होणार नाहीत.

एसटी उशिरा. परत येईतो दोन वाजले. आईनं जेवण थांबवलं होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कशाला थांबवते कोण जाणे.

१२ जानेवारी, रविवार.

उपासनेनंतर आईबरोबर ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले. तिला आता दाणा आणि कीड वेगळी दिसत नाही, मी मागून निवडते. ती एकदम म्हणाली, "तू जेवताना डोळे मिटतं, पन प्रार्थना नाही करत. काहून?"

आईला फसवता येत नाही. सांगितलं सगळं.

तिकडं मलावीत एकोणीस वर्षांची मुलगी आली होती, पहिलं बाळंतपण. रक्त थांबेना. दवाखान्याची एकुलती गाडी मी तासाभरापूर्वीच दुसऱ्या गावाला पाठवली होती. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं आणि मोठ्यानं प्रार्थना करत होते, वॉर्डातल्या बायका गात होत्या. मुलगी गेली. बाळ राहिलं. त्या दिवसापासून माझ्या तोंडून प्रार्थना निघत नाही. सकाळची प्रार्थना ग्रेस घेते, मी ओठ हलवते. आठ महिने झाले.

आई शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "अन् तुले वापस जायाचं हाय?" म्हटलं, हो. हात तर चालतात ना माझे.

मालालाही हेच सांगितलं होतं, मागच्या आठवड्यात, तिच्या गच्चीवर. माला म्हणजे माझी पहिलीपासूनची मैत्रीण, आता आमच्या पाळकांची बायको. या दोघींपलीकडं कुणालाही नाही. सांगून हलकं वाटलं.

२० जानेवारी, सोमवार.

यवतमाळ. समितीच्या कार्यालयात पत्र आणायला. जीपमध्ये अकरा माणसं आणि कोंबड्यांची पाटी. लोहाऱ्याला कामगार उतरले तेव्हा कुठं पाय हलवता आले.

सेक्रेटरी साहेब उठून उभे राहिले. एरवी उठत नाहीत, तेव्हाच खटकलं. चहा, बिस्किटं. मग, "भगिनी, आपण थोडी विश्रांती घ्या. समितीला आपली काळजी वाटते."

कसली?

"आपल्या आत्मिक स्थितीची."

मी विचारलं, माझ्या आत्मिक स्थितीबद्दल समितीला कुणी सांगितलं. ते टेबलावरचा कागद सारखा करत राहिले. दारव्ह्याहून पाळकसाहेबांचं पत्र आलंय म्हणे, काळजीपोटी. मंडळीत हा विषय प्रार्थनेसाठी आला होता. आत्ता पुष्कळ लोक माझ्यासाठी प्रार्थना करत आहेत. आणि २ फेब्रुवारीची माझ्या पाठवणीची उपासना तूर्त पुढं ढकललीय.

पुष्कळ लोक! तिथून कशी निघाले आठवत नाही. स्टँडवर दोनदा चुकीच्या जीपमध्ये बसले.

२१ जानेवारी, मंगळवार.

विषय. आमच्या लोकांचा हा शब्द बाहेरच्या माणसाला कसा सांगायचा? गुरुवारी संध्याकाळी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी सभा. गाणं होतं, वचन होतं, मग पाळकसाहेब विचारतात, कुणाचा काही विषय? मग एकेक जण विषय देतो. कुणाचा गुडघा, कुणाच्या पोराची नोकरी, कुणाचं लग्न. लोक वहीत लिहून घेतात, घरी जाऊन आठवडाभर त्यावर प्रार्थना. चांगली रीत आहे. मी तिकडं असताना माझ्या मलेरियासाठी या माणसांनी उपास केलेत.

पण चुगली केली तर पाप, आणि तीच गोष्ट डोळे मिटून सांगितली तर पुण्य! हे मी लहानपणापासून पाहत आलेय. कुणाची सून माहेरी गेली हे आम्हाला नेहमी प्रार्थनेतच कळायचं. हसायचो आम्ही, मी आणि माला.

मालाच. दुसरं कोण? तिच्या घरात पाळक, तिच्या घरातून पत्र. तिचं तोंड शाळेत असल्यापासून असंच.

२२ जानेवारी, बुधवार.

गेले मालाकडं. ती ओट्यावर कपडे पिळत होती. म्हणाली, "ये शाले, चहा ठेवतो." मी म्हटलं, चहा नको, माझा विषय कितीला विकला ते सांग.

मग जे आलं तोंडात ते बोलले. तुझं तोंड म्हणजे चर्चची घंटा. तुझं पोर पोटात गेलं तेव्हा तू माझ्याजवळ रडलीस, मी ते आजतागायत नवऱ्याच्या... नवरा नाही मला, असता तर त्याच्याही कानावर घातलं नसतं. तुझ्यासारख्या बाईमुळं पाळकाच्या घरात कुणी दुःख सांगत नाही.

शेवटचं नको होतं बोलायला. खरंही नाही ते.

ती हातातलं ओलं लुगडं तसंच धरून उभी. फक्त, "झालं बोलून? बरं." एवढंच. मला वाटलं, चोर सापडला.

रस्त्यानं येताना दुकानदार काकांनी हाक मारली, "सिस्टर, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करून राह्यलो बरं." सोयाबीनची पोती मोजता मोजता.

२५ जानेवारी, शनिवार.

चार दिवस आईशीही धड बोलले नाही, तिचा काही दोष नसताना. ती आपली माझ्या मागं मागं. आज दशम्या केल्या, वर लोणी. "तू दुबळी झाली तिकडं राहून." मला भरून आलं. जगात एक तरी माणूस आहे म्हटलं.

ग्रेसचा आवाजी निरोप. मुलींनी मागून ओरडून विचारलं, अमाई कधी येणार? एकीनं झिकोमो झिकोमो म्हणत काहीतरी सांगितलं, म्हणजे आभार. बहुतेक मागच्या वेळी दिलेल्या पुस्तकाबद्दल. ऐकू नीट आलं नाही.

काय सांगू त्यांना? की तुमच्या अमाईची मैत्रीण बोलली म्हणून अमाई अडकली?

२९ जानेवारी, बुधवार.

सकाळपासूनचं क्रमानं लिहिते.

जमनाबाई सकाळी दूध घेऊन आली. तांड्यावरची, आईकडं वीस वर्षं दूध घालते, आईला याडी म्हणते. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आईच. आई आत आंघोळीला गेली होती. जमनाबाई माप ओतता ओतता म्हणाली, "ताई, तुमची तब्येत आता बरी हाय का? याडी लय रडली हो त्या दिवशी."

कोणत्या दिवशी?

"तुमची सभा नव्हती का अंगनात, बेस्तरवारी. मी सांजेचं दूध घेऊन आल्ती. याडी मधात उभी. म्हने, माह्या लेकीचा देवावरचा भरोसा उठला. तिच्या हातून तिकडं पोरगी मेली. तिले वापस नका पाठवू. समदे रडून राह्यले होते. मी बी रडली, बाप्पा."

ती निर्मळपणे सांगत होती. तिला वाटलं मला ठाऊक आहे. सोळा तारखेचा गुरुवार. मी त्या दिवशी राळेगावला दुसऱ्या फेरीला गेले होते, रात्री तिकडंच राहिले. आमच्या घरी सभेची पाळी होती हे मला माहीत होतं. सतरंज्या मीच काढून ठेवल्या होत्या.

आई. माझी आई.

म्हणजे मी रविवारी सांगितलं आणि गुरुवारी तिनं वीस माणसांत...

३० जानेवारी, गुरुवार.

काल बोलणं जमलं नाही. आज दुपारी विचारलं. तेरा वर्षं बाहेर राहून भाषा गुळगुळीत झाली म्हणतात लोक, पण राग आला की माझी वऱ्हाडी जशीच्या तशी परत येते.

"काहून सांगतलं तू?"

कशाबद्दल, असंही तिनं विचारलं नाही. "मी देवाले सांगतलं."

"अंगनात वीस लोक होते, आई."

"मंग? देव काय एकटा येते का सभेत?"

"माह्या हातून पोरगी मेली असं सांगतलं तू."

"तूच त म्हनली. गाडी मीच पाठोली म्हनली."

मी म्हटले होते, हो. ओट्यावर, तिच्याजवळ म्हटले होते.

"अन् पाळकसाहेबाले वेगळं जाऊन सांगतलं का? तिले पाठवू नका म्हून?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग हळू, "तू पयल्यानं गेली तवा मी सुईत दोरा ओवत होती. आता मले ताटातलं वरन दिसत नाही. मी काय म्हनून तुले अडवू? मायसाठी रहा म्हटलं असतं त राह्यली असती का? देवाच्या नावानं तुले नेलं, देवाच्याच नावानं मांगतलं."

मी उठून मागच्या अंगणात गेले. एवढा राग मला त्या रक्ताच्या रात्रीही आला नव्हता. आणि रागात सगळ्यात वाईट हे, की तिचं म्हणणं मला कळत होतं. कळत होतं म्हणून कमी झाला नाही, वाढला. दगा तो दगाच. सरळ म्हणाली असती, शालू, नको जाऊ, मला दिसत नाही, तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी वाट काढली असती. तिनं माझं सगळ्यात दुखरं उचललं आणि तेच वापरलं. माझ्या आईनं.

आजची सभा दुसऱ्यांकडं होती. ती गेली. मी नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार.

मालाच्या दारात उभी राहिले. माफी कशी मागायची याची वाक्यं करून गेले होते, सगळी विसरले. म्हटलं, तुला माहीत होतं.

"हो."

मग का नाही बोललीस?

"तुले सांगतलं असतं त तू मायले जाऊन बोलली असती. मले बोलली, मी धुनं धुता धुता ऐकून घेतलं. म्हातारीच्यानं नसतं झालं ऐकनं." मग म्हणाली, "घंटा म्हटलं तू मले. ते नव्हतं म्हनाया पाहिजे."

मी रडले. ती नाही रडली. चहा दिला, पण समोर बसली नाही, आत जाऊन भाजी चिरत राहिली. तिला राग आहे, आणि असावाच. नवऱ्यानं पत्र पाठवलं ते तिला पाठवल्यावर कळलं. त्यावर त्यांचं दोन दिवस बोलणं बंद होतं म्हणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

सेक्रेटरी साहेबांचा फोन. समितीनं मार्ग काढलाय. सोळा तारखेला यवतमाळच्या मंडळीत मी उभं राहून साक्ष द्यायची, की मी मधे ढळले होते, देवानं मला पुन्हा उभं केलं, आता मी प्रार्थनेत स्थिर आहे. मग त्याच दिवशी पाठवणीची प्रार्थना, दुसऱ्या दिवशी पत्र. "सगळ्यांचं समाधान होईल, भगिनी."

आणि साक्षीचा मजकूरही त्यांनीच पाठवलाय! मोबाईलवर. वाचला. चांगलं लिहिलंय. शेवटी तीन वेळा आमेन.

पाळकसाहेब संध्याकाळी घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "माझं चुकलं, ताई. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं." मग म्हणाले, "साक्षीचं मनावर घेऊ नका. औपचारिक आहे." साक्ष औपचारिक! याच माणसानं दहावीतल्या पोरांना साक्षीवर पाऊण तास शिकवताना मी ऐकलंय.

आई आतून सगळं ऐकत होती. चहाचा कप आणताना तिचा हात चौकटीला लागला, बशीत सांडला.

८ फेब्रुवारी, शनिवार.

ग्रेसला सगळं सांगितलं. ती खूप वेळ हसली. मग म्हणाली, अमाई, चार वाक्यं आहेत, म्हणून टाका आणि विमानात बसा. इथं या आठवड्यात अकरा बाळंतपणं झाली, मी दोन दिवस चपला काढल्या नाहीत.

ग्रेसचं बरोबर आहे. चार वाक्यांसाठी चौदा मुली? कपाटाच्या आरशासमोर म्हणून पाहिली. पहिलं वाक्य नीट निघालं. तिकडं पाच महिने ओठ हलवले तेही खोटंच होतं ना? मग आता कसला एवढा बाणा?

माहीत नाही. ओठ हलवले ते मुलींना भीती वाटू नये म्हणून. हे कुणासाठी?

१२ फेब्रुवारी, बुधवार.

आईशी बोलणं कामापुरतं. औषध घेतलं का, गॅस बंद केला का. तिच्या डोळ्यांसाठी यवतमाळला दाखवलं सोमवारी. मोतीबिंदू, एका डोळ्याचं होण्यासारखं आहे, दुसऱ्याचं सांगता येत नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरी कोण असतं? आम्ही दोघी एकदमच बोललो. ती म्हणाली "कोनी नाही," मी म्हटलं "मी."

डॉक्टर लिहीत होते, त्यांनी वर पाहिलंही नाही.

येताना जीपमध्ये तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं, झोप लागली. मी खांदा हलवला नाही, पण राग आहे. दोन्ही आहे. आणखी किती दिवस राहील कोण जाणे.

१६ फेब्रुवारी, रविवार. यवतमाळहून आल्यावर.

दिली साक्ष.

मंडळी भरलेली. पुढच्या बाकावर समिती, त्यामागं माला आणि आई. मोबाईलमधला मजकूर उघडून उभी राहिले. पहिलं वाक्य वाचलं, मी मधे ढळले होते. दुसऱ्याशी आवाज थांबला. मोबाईल खाली ठेवला आणि जे होतं ते सांगितलं. की एक मुलगी माझ्या हाताखाली गेली. गाडी मी पाठवली होती. तेव्हापासून मला प्रार्थना येत नाही, आजही येत नाही, आणि येते असं सांगून मला पत्र नको. मला बाळंतपण करता येतं आणि शिकवता येतं. चौदा मुलींची परीक्षा आहे. तेवढ्यासाठी पाठवणार असाल तर पाठवा. नसाल तर माझ्या पाठीमागं माझ्यासाठी रडू नका, समोर येऊन सांगा.

बसले. आमेन कुणीच म्हणालं नाही. वाजवणाऱ्यानं गाणं चुकीच्या पट्टीत सुरू केलं, मग थांबून पुन्हा.

बाहेर सेक्रेटरी साहेब म्हणाले, "समितीला पुन्हा बसावं लागेल." कधी? "या आठवड्यात पाहू." हातात हात दिला नाही. एक अनोळखी म्हातारी मात्र जवळ आली, माझा हात घट्ट धरला आणि गेली. माला म्हणाली, "पहिल्या वाक्यावर मले वाटलं वाचतं तू समदं." आणि हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

आई जीपमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

समितीचा फोन नाही. मी केला, कुणी उचलला नाही. परवान्याला आठ दिवस. बॅग अर्धी भरलीय, अर्धी पलंगावर.

आज सभेची पाळी पुन्हा आमच्याकडं. आज ज्यांची पाळी होती त्यांच्या घरी आजारपण आहे म्हणून. आई सकाळपासून अस्वस्थ. दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. "शालू, आज मले विषय द्या लागन. तुले विचारल्याबिगर नाही देनार आता. काय देऊ?"

म्हटलं, तुला काय मागायचंय?

"तू नको जाऊ, हे."

"मंग तेच मांग. सगळ्यांसमोर मांग, मी बसते तिथं."

तिला ते अपेक्षित नव्हतं. बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली, म्हणजे तोंड असेल तिकडं. मग विचारलं, "अन् तू काय मांगशीन?"

"मी नाही मांगत, आई. माह्यं बंद हाय ना."

"मंग देवाले माह्या एकटीचंच ऐकू जाईन," ती म्हणाली. "हे काही बरोबर नाही, बाई."

ती उठली, भिंत धरत आत गेली. सहाला माणसं येतील. फोन अजून नाही.